नोकरी हा जिचा अपराध नव्हता

एल्विन टिबिडो हा प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणारा हुशार मुलगा. बायकांनी कसं वागावं याबद्दल त्याची मतं मात्र पक्की आणि जुनाट. तो मैत्रिणीच्या, सॉन्ड्राच्या घरी आलेला असतो. सॉन्ड्राची आई क्लेअर हक्स्टेबल नवऱ्यासाठी कॉफी आणायला निघते आणि जाता जाता एल्विनलाही हवी का म्हणून विचारते. एल्विनला नवल वाटतं. इतकी नावाजलेली वकील आणि ती नवऱ्याला हातात कॉफी नेऊन देते? तो तसं बोलूनही दाखवतो. मग क्लेअर त्याच्यासमोर बसते आणि शांतपणे सुरुवात करते. आज सकाळी नवऱ्याने तिला कॉफी आणून दिली होती, आता ती त्याला देणार आहे, आणि संसार अशाच निम्म्या-निम्म्या वाट्यावर चालतो. तिचा आवाज हळूहळू चढत जातो. हा पुरुषी तोरा सोडला नाहीस, तर जन्मात तुला कुणी, कुठे, काहीही आणून देणार नाही, असं ती त्याला बजावते. जेमतेम दोन मिनिटांचा हा प्रसंग. चाळीस वर्षं होत आली, तरी तो आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात आणि एकमेकांना पाठवतात.

‘द कॉस्बी शो’ ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 20 सप्टेंबर 1984 रोजी सुरू झाली आणि 30 एप्रिल 1992 रोजी संपली. गुरुवारी रात्री आठ वाजता दिसणारं हे हक्स्टेबल कुटुंब 1985-86 ते 1989-90 असे सलग पाच हंगाम प्रेक्षकसंख्येच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. वडील क्लिफ हे प्रसूतितज्ज्ञ, त्यांचा दवाखाना ब्रुकलिनमधल्या घरातच. आई क्लेअर वकील. सॉन्ड्रा, डेनिस, थिओ, व्हॅनेसा आणि रूडी अशी पाच मुलं. बिल कॉस्बी हा मालिकेचा नायक आणि निर्मात्यांपैकी एक, त्यामुळे मालिका त्याच्या नावाने ओळखली गेली. पण घरातली शहाणी व्यक्ती कोण, असं कोणत्याही प्रेक्षकाला विचारलं असतं, तर उत्तर क्लेअर हेच आलं असतं.

या शहाणपणाचं मूळ एका साध्या निर्णयात आहे. क्लेअरने नोकरी करावी की नाही, हा प्रश्न लेखकांनी कथेचा गाभा होऊच दिला नाही. पाच मुलांची आई घराबाहेर काम करते म्हणून मुलं बिघडली, नवरा रुसला, सासू टोमणे मारू लागली, असल्या खुंटीवर ही मालिका टांगलेली नव्हती. आपल्या कामाचं समर्थन करण्यात क्लेअरचा वेळ गेला नाही, म्हणूनच तिला बाकीचं सगळं होता आलं. ती रागावली, नाचली, नवऱ्यावर भाळली, मुलांची उलटतपासणी घेत राहिली, चुकलेल्याला माफही करत राहिली. नोकरी करणाऱ्या आईला पडद्यावर माणूस म्हणून उभं करायचं असेल, तर आधी तिला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढावं लागतं. ‘द कॉस्बी शो’ने ते काम पहिल्याच भागापासून केलं. भारतातल्या मालिकांनी, विशेषतः मराठी मालिकांनी, त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

क्लेअर पडद्यावर आली तेव्हा अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईच्या कष्टांना मोठा इतिहास होता, पण पडद्यावर त्याला मान नव्हता. गुलामगिरीच्या काळात या बायका शेतात राबल्या, पुढे गोऱ्यांच्या घरात धुणीभांडी आणि मुलं सांभाळत आल्या. घराबाहेर काम करणं हे त्यांच्यासाठी कधीच नवं नव्हतं. दूरचित्रवाणीने मात्र त्यांना आधी मोलकरणीच्याच रूपात पाहिलं. 1950 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्यूला’ या मालिकेची नायिका गोऱ्या कुटुंबातली मोलकरीण होती. 1968 मध्ये ‘जूलिया’त डायहॅन कॅरल हिने परिचारिकेची भूमिका केली. ती सुशिक्षित होती, स्वाभिमानी होती, पण विधवा होती. घरात नवरा नव्हता.

राजकारणातलं चित्र तर याहून कठोर होतं. 1965 मध्ये डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात कृष्णवर्णीय कुटुंबांच्या अडचणींचा संबंध घरातल्या बाईच्या वरचष्म्याशी जोडला गेला. 1976 च्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी सरकारी मदत लाटून ऐषारामात राहणाऱ्या बाईचा किस्सा ठिकठिकाणी सांगितला, आणि अशा बाईचं जे चित्र लोकांच्या मनात ठसलं ते कृष्णवर्णीय होतं. म्हणजे काम केलं तर ती कुटुंब मोडणारी, काम नसलं तर फुकटखाऊ. क्लेअर आली तेव्हा हेच रेगन राष्ट्राध्यक्ष होते. अशा वेळी एक कृष्णवर्णीय वकील संध्याकाळी कामावरून घरी येते, तिचा नवरा तिच्यावर जीव टाकतो, मुलं तिला वचकून असतात आणि तिच्या कुशीतही शिरतात, हे दृश्य दर आठवड्याला कोट्यवधी घरांत पोहोचणं ही छोटी गोष्ट नव्हती.

तिचा व्यवसायही विचार करून निवडलेला होता. 1980 मध्ये अमेरिकेतल्या वकिलांमध्ये सगळ्या वर्णांच्या मिळून स्त्रिया सुमारे 8 टक्केच होत्या. तरी क्लेअर काही केवळ कल्पनेतून उतरलेली नव्हती. शार्लट रे 1872 मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून कायदा शिकून अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील झाली होती. न्यूयॉर्कच्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी शाळांमधला वर्णभेद मोडून काढणाऱ्या ‘ब्राऊन’ खटल्यात काम केलं होतं आणि 1966 मध्ये त्या केंद्रीय न्यायालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश झाल्या होत्या. अशा बायका समाजात होत्या, त्यांची घरं होती, मुलंबाळं होती. पडद्याला त्या तोवर दिसल्या नव्हत्या, इतकंच.

सुरुवातीला तर क्लेअर वकील असणारही नव्हती. कॉस्बीच्या डोक्यात आधी कष्टकरी जोडपं होतं, त्यातला नवरा गाडीचालक. कॉस्बीची पत्नी कॅमिल हिने त्याला त्यापासून परावृत्त केलं, आणि हक्स्टेबल दांपत्य डॉक्टर-वकील झालं. मार्सी कार्सी आणि टॉम वर्नर या निर्मात्यांची ही मालिका एबीसी वाहिनीने नाकारली होती, एनबीसीने ती घेतली. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अल्विन पूसाँ यांच्याकडे संहिता वाचायला जात. कुटुंबातला विनोद कुणाला हीन लेखणारा तर नाही ना, हे ते पाहत.

फिलिशिया रशाद हिने या भूमिकेत जो जीव ओतला, तो तिच्या घरातून आलेला होता. ह्यूस्टनमध्ये 1948 साली तिचा जन्म झाला. वडील दंतवैद्य, आई व्हिव्हियन एअर्स कवयित्री. वर्णभेदाच्या दक्षिणेतून मुलांना काही काळ तरी बाहेर काढावं म्हणून या आईने मुलांसह मेक्सिकोत बिऱ्हाड केलं होतं. क्लेअर मालिकेत अस्खलित स्पॅनिश बोलते, त्याच्या मागे ते बालपण आहे. रशाद हॉवर्ड विद्यापीठातून नाट्यशिक्षण घेऊन ब्रॉडवेवर आली, ‘द विझ’ आणि ‘ड्रीमगर्ल्स’ या संगीतनाट्यांत समूहात उभी राहिली. क्लेअरसाठी 1985 आणि 1986 मध्ये तिला एमीची नामांकनं मिळाली, पुरस्कार मिळाला नाही. पुढे 2004 मध्ये ‘अ रेझिन इन द सन’साठी नाटक विभागातला प्रमुख अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली. त्या नाटकातली लीना यंगर हीदेखील आईच आहे, पण शिकागोच्या कोंदट घरात राहणारी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबलेली. क्लेअरच्या मागे अशा अनेक लीना उभ्या आहेत, हे रशादला ठाऊक होतं आणि तिच्या ताठ मानेत ते दिसतं.

क्लेअरचं शहाणपण उपदेशात नाही, पद्धतीत आहे. ती मुलांशी वकिलासारखी बोलते. आधी प्रश्न, मग पुरावा, मग निष्कर्ष, आणि निष्कर्ष शक्यतो मुलाच्याच तोंडून. पहिल्या हंगामातल्या एका भागात थिओच्या पुस्तकात गांजाची सिगारेट सापडते. आकांडतांडव करायला याहून चांगलं निमित्त कुठल्या मालिकेला मिळणार? पण आई-वडील त्याला समोर बसवतात, विचारतात, आणि तो आपली नाही म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वासच थिओला स्वस्थ बसू देत नाही. खरा मालक शोधून तो त्याला घरी घेऊन येतो. संशय घेतला असता तर मुलगा फक्त चिडला असता. विश्वासाने त्याच्यावर जबाबदारी टाकली.

पण विश्वास म्हणजे ढिलाई नव्हे, हेही याच घरात दिसतं. 1990 मधल्या एका भागात व्हॅनेसा खोटं बोलून, मैत्रिणींबरोबर एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला बाल्टिमोरला जाते आणि सगळा बेत फसतो. घरी परतल्यावर क्लेअर जी भडकते, ती त्या मालिकेतल्या गाजलेल्या बोलण्यांपैकी एक. व्हॅनेसा कळवळून सांगते की आम्हाला फक्त मजा करायची होती. क्लेअर तेच शब्द धरून एकेक धोका मुलीसमोर मांडत जाते. रागाच्या भरातही तिची मांडणी सुटत नाही. आईचा संताप हा आईच्या अपयशाचा पुरावा मानण्याची कथाकारांना सवय असते, आणि काम करणारी आई असेल तर विचारायलाच नको. इथे संताप हे तिच्या प्रेमाचं आणि तिच्या बुद्धीचंही रूप आहे. ती दिवसभर घरात नव्हती म्हणून हे घडलं, असं कुणी तिला ऐकवत नाही, क्लिफ तर नाहीच नाही.

सॉन्ड्राच्या बाबतीत क्लेअर वेगळ्याच प्रकारे दुखावली जाते. प्रिन्स्टनमधून बाहेर पडलेली ही लेक कायद्याचं शिक्षण घ्यायचं सोडते, एल्विन वैद्यकाचं सोडतो, आणि दोघं मिळून भटक्यांसाठी सामानाचं दुकान काढायचं ठरवतात. क्लेअर संतापते. तिच्या दृष्टीने हा फीच्या पैशांचा सवाल नाही. ज्या वाटेवर तिच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, ती वाट लेक सहज सोडून देते, हे तिला सहन होत नाही. तरीही ती मुलीला घराबाहेर काढत नाही, अबोला धरत नाही. मुलगी ठेचकाळेल, शिकेल, याची वाट पाहते. पुढे एल्विन डॉक्टर होतो, सॉन्ड्राही कायद्याकडे परतते, आणि त्यांना जुळं होतं तेव्हा नावं ठेवली जातात विनी आणि नेल्सन. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगातच होते.

बाईच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी कौटुंबिक विनोदी मालिका टाळतात, त्यांनाही या घरात जागा मिळाली. रजोनिवृत्तीवर एक पूर्ण भाग झाला. आईला आता काहीतरी भयंकर होणार या समजुतीने मुलं बावरतात, आणि क्लेअर त्यांच्या अज्ञानाचीच मजा घेते. दुसऱ्या एका भागात टीव्हीवरच्या चर्चेसाठी तिला बोलावलं जातं. आपलं मत वकील किंवा अभ्यासू नागरिक म्हणून नको आहे, कृष्णवर्णीय स्त्रीची खुर्ची भरायची आहे, हे तिच्या लक्षात येतं, आणि ती ते खपवून घेत नाही. ही क्लेअर घरात आणि बाहेर एकच आहे. कोर्टातली वेगळी आणि स्वयंपाकघरातली वेगळी, अशी तिची फाळणी लेखकांनी केली नाही.

हे कौतुक मनापासून केल्यावर, जे दाखवलं गेलं नाही त्याबद्दलही तितक्याच स्पष्टपणे बोललं पाहिजे. हक्स्टेबलांच्या घरी मोलकरीण दिसत नाही, पाळणाघर दिसत नाही, तरी घर लखलखीत असतं आणि वकीलबाईंच्या केसाची बट हललेली नसते. क्लिफ स्वयंपाकघरात रमतो, हे खरं. पण पाच मुलांच्या घरातलं धुणं, वाणसामान, दप्तरं, आजारपणं कोण उरकतं? 1989 मध्ये समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड हिचं ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक आलं. नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायका घरकामाच्या रूपाने नवऱ्यापेक्षा वर्षाला चोवीस तासांच्या दिवसांचा एक अख्खा महिना जास्त राबतात, असा तिचा हिशेब होता. क्लेअर लोकप्रियतेच्या शिखरावर होती त्याच काळातला हा हिशेब. हा महिना मालिकेत कुठेच नव्हता.

आणि कायदाही नव्हता. मालिकेची आठही वर्षं संपली तोवर अमेरिकेत बाळंतपणासाठी देशभर लागू होणारी बिनपगारी रजासुद्धा कायद्याने मिळत नव्हती. बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा कायदा बिल क्लिंटन यांच्या सहीने फेब्रुवारी 1993 मध्ये झाला. फिलिशिया रशाद स्वतः 1986 मध्ये गरोदर असताना चित्रीकरण करत होती. क्लेअरला मात्र सहावं मूल होणार नव्हतं, त्यामुळे तिला पलंगावर बसवून, हातात सामान देऊन, कॅमेऱ्याचे कोन बदलून तिचं पोट लपवण्यात आलं. कामावर आलेली खरी गरोदर बाई आणि पडद्यावरची सदाप्रसन्न आई यांच्यातलं अंतर याहून नेमकं दाखवता येणार नाही.

या अंतराची दुसरी बाजू वर्गाची आहे. 1988 मध्ये कार्सी-वर्नर यांच्याच कंपनीने एबीसीवर ‘रोझॅन’ आणली. इलिनॉयमधल्या लहान गावात प्लास्टिकच्या कारखान्यात काम करणारी, बिलांचा हिशेब करून पिचलेली, विस्कटलेल्या घरात मुलांवर ओरडणारी आणि त्यांना हसवणारी आई. 1989-90 मध्ये या दोन्ही मालिका बरोबरीने पहिल्या क्रमांकावर आल्या. एकाच निर्मात्यांच्या दोन आया, एक कामावरून येऊन ताजीतवानी, दुसरी कामावरून येऊन दमलेली, आणि देश दोघींनाही तितक्याच आवडीने पाहत होता. प्रेक्षकाला दोन्ही हव्या होत्या, कारण बहुतेक बायका सकाळी क्लेअर व्हायला निघतात आणि संध्याकाळी रोझॅन होऊन परततात.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या सट जॅली आणि जस्टिन लुईस यांनी 1992 मध्ये या मालिकेवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. त्यांचा आक्षेप गंभीर होता. हक्स्टेबल कुटुंबाचं यश पाहून अनेक गोऱ्या प्रेक्षकांनी असा अर्थ काढला की वर्णभेद संपला, आता जो मागे राहिला तो स्वतःच्या दोषाने. त्याच वर्षी, 29 एप्रिलला, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटल्यावर लॉस एंजलिस पेटलं. दुसऱ्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग होता. शहराचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी लोकांना घरी थांबून तो पाहण्याचं आवाहन केलं. पडद्यावर थिओ पदवीधर होत होता आणि बाहेर दुकानं जळत होती. एका मालिकेने समाज बदलावा ही अपेक्षा अवास्तव आहे, पण एका सुखी घरावरून समाजाचं अनुमान काढणं किती धोक्याचं आहे, ते त्या रात्री दिसलं.

क्लेअरबद्दल लिहिताना बिल कॉस्बीला टाळता येत नाही, आणि टाळूही नये. अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. 2018 मध्ये पेनसिल्व्हेनियात तो दोषी ठरला. 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचं दिलेलं आश्वासन मोडल्याच्या कारणावरून ती शिक्षा रद्द केली. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी खटल्यात ज्यूरीने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. शिक्षा रद्द झाली तेव्हा रशादने जाहीरपणे आनंद व्यक्त केला. त्यावर तीव्र नाराजी उमटली आणि तेव्हा हॉवर्ड विद्यापीठात अधिष्ठाता असलेल्या रशादने विद्यार्थी-पालकांची माफी मागितली. ज्यांनी क्लेअरला न्यायाची बाजू घेणारी बाई म्हणून जपलं होतं, त्यांना हे लागलं, आणि लागणं योग्यच होतं. पण क्लेअर ही कॉस्बीची खासगी मालमत्ता नाही. ती लेखकांनी घडवली, रशादच्या अभिनयाने उभी राहिली, आणि तिला पाहून कायदा शिकायला गेलेल्या, नवऱ्याकडून निम्मा वाटा मागायला शिकलेल्या बायकांनी तिला मोठं केलं. पीडित स्त्रियांचं म्हणणं पूर्ण मानून, मालिका पुन्हा न पाहण्याचा कुणाचाही निर्णय समजून घेऊन, तरीही क्लेअरने काय शक्य करून दाखवलं याची नोंद ठेवली पाहिजे.

क्लेअर अमेरिकेत गाजत होती तेव्हा आपल्याकडेही दूरदर्शनवर बायका बोलू लागल्या होत्या. 1985 मध्ये बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’त प्रिया तेंडुलकर गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारत होती. क्लेअरचा वाद घालण्याचा बाणा तिच्यातही होता, फक्त ती गृहिणी होती. 1988 मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रावर बेतलेल्या ‘वागले की दुनिया’त भारती आचरेकर यांची राधिका आली. ती प्रेमळ होती, चतुर होती, आणि घर सांभाळत होती. पुढे डिसेंबर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते!’ सुरू झाली. मधुराणी प्रभुलकर यांनी उभी केलेली अरुंधती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी आपली मानली, कारण घरात राबणाऱ्या बाईचं काम कुणाच्या खिजगणतीत नसतं हे सत्य त्या मालिकेने उघड मांडलं. तिचं महत्त्व मोठं आहे. पण तिच्यातही बाईने स्वतःच्या पायावर उभं राहणं हा संघर्षाचा आणि कुटुंबाच्या उलथापालथीचा विषय होता. त्याच्या पुढची पायरी अजून बाकी आहे.

ती पायरी कोणती, हे आकडेवारी सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळवापर पाहणीनुसार, भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. पुरुषांपैकी बहुतेक तर या हिशेबातच येत नाहीत, कारण ते घरकाम करतच नाहीत. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा 26 आठवडे झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कागदावर आपण 1980 च्या दशकातल्या अमेरिकेच्या पुष्कळ पुढे आहोत. पण आपल्या मालिकांमधल्या किती घरांत पाळणाघराचा उल्लेख येतो? किती नवरे मुलाला शाळेतून आणायला म्हणून ऑफिसातून लवकर निघतात, आणि ते त्याग म्हणून नव्हे, तर मंगळवारची त्याची पाळी म्हणून?

अमेरिकेत ही पुढची पायरी नंतरच्या लेखकांनी चढून दाखवली. 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लॅकिश’मध्ये ट्रेसी एलिस रॉस हिने भूलतज्ज्ञ डॉक्टर रेनबो जॉन्सनची भूमिका केली. क्लेअरसारखीच उच्चशिक्षित, क्लेअरसारखीच भरलेल्या घरातली आई. 2017 मध्ये तिच्या बाळंतपणानंतर मालिकेने तिचं नैराश्य दाखवलं. ती रडते, तिला मदत लागते, उपचार लागतात, आणि तरीही मालिका विनोदीच राहते. क्लेअरला जी थकवा दाखवण्याची मुभा नव्हती, ती रेनबोला मिळाली. पण तिथेही तिने काम सोडावं का, हा खटला भरवून सगळी मालिका चालवली गेली नाही. क्लेअरने मोकळी केलेली जागा तिच्या कामी आली.

महाराष्ट्रात अशा कथांना कमतरता नाही. एसटीत तिकीट फाडणाऱ्या वाहक आहेत, जिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या, बँकेत शाखा सांभाळणाऱ्या, पोलीस ठाण्यात नाकाबंदीला उभ्या राहणाऱ्या आया आहेत. त्यांच्या घरात रोज पुरेसा विनोद घडतो. रात्रपाळीहून आलेल्या आईला झोपू देण्यासाठी घरात चाललेली कुजबुज, बंदोबस्तावरून आलेल्या आईसमोर खोटं बोलायचा मुलाचा फसलेला प्रयत्न, शाखेत शंभर माणसांना शांत करणाऱ्या बाईची दहावीतल्या एका मुलीपुढे होणारी दमछाक, हे सगळं लिहिलं जाण्याची वाट पाहत आहे. वाहिन्यांनी एवढंच करावं. या आईच्या सासूला, नवऱ्याला आणि शेजारणीला पहिल्या पन्नास भागांत तिची नोकरी सोडवण्याच्या कामाला लावू नये. घरकामाच्या पाळ्या ठरलेल्या दाखवाव्यात, त्या चुकल्या की होणारी भांडणंही दाखवावीत, आणि आई दमली तर तिला दमलेली दिसू द्यावी.